कॉलेजचा गार्ड एनबीएत टिकेल का, हे कसं ओळखावं

२०१७-१८ च्या मोसमात ओक्लाहोमा विद्यापीठाचा गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू) ट्रे यंग याची सरासरी होती दर सामन्याला २७.४ गुण आणि ८.७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). दोन्ही याद्यांत देशात पहिला एकच खेळाडू, असं अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्याच वर्षी केंटकीचा शे गिल्जस-अलेक्झांडर १४.४ गुणांवर होता, आणि सुरुवातीच्या सामन्यांत तर तो खेळ सुरू करणाऱ्या पाचांतही नसायचा. व्हिलानोव्हाला २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या संघांत जेलन ब्रन्सन होता. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तिथे, यंग पाचवा गेला, शे अकरावा, ब्रन्सन थेट तेहेतिसावा. पुढे यंग ऑल-स्टार (लीगच्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक) झालाच, म्हणजे त्याला उचलणाऱ्यांनी काही घोडचूक केली नाही. पण २०२५ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला शे, आणि ब्रन्सन आज न्यू यॉर्क निक्सचा हुकमी एक्का आहे. रणजीत धावांचा डोंगर रचणारा प्रत्येक जण कसोटीत चालतोच असं नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणून गुणांचा रकाना झाकून ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. आधी जन्मतारीख बघा

एकोणीस वर्षांच्या पोराचे १४ गुण आणि बावीस वर्षांच्या गड्याचे १४ गुण एका मापाने मोजायचे नसतात. डेव्हिन बुकर केंटकीत वर्षभर बाकावरून उठून खेळला, सरासरी जेमतेम दहा गुण. पण २०१५ च्या ड्राफ्टच्या दिवशी तो अठराच वर्षांचा होता. तेराव्या क्रमांकावर फिनिक्सला लॉटरीच लागली. वय जास्त म्हणून कुणाला लगेच बाद करू नका. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटमध्ये चार वर्षं काढून आला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. मात्र मोठ्या वयाच्या खेळाडूत जे नाही ते पुढे येईल, यावर फार भिस्त ठेवू नये.

२. थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीआधी फ्री थ्रो

कॉलेजचा मोसम पस्तीसेक सामन्यांचा. तेवढ्यात थ्री-पॉइंटरचे (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या, तीन गुणांच्या फेकींचे) आकडे नशिबावर बरेच हलतात. शेने केंटकीत ५७ पैकी २३ थ्री टाकले, म्हणजे ४० टक्के. त्यातले पाच रिंगवरून उडाले असते तर तोच आकडा ३२ वर आला असता. फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) समोर कुणी नसतं, अंतर बदलत नाही, त्यामुळे हाताची खरी जात तिथे कळते. शेचे फ्री थ्रो ८१.७ टक्के होते. यूसीएलएच्या लोंझो बॉलचं उलटं : थ्री ४१.२ टक्के, फ्री थ्रो ६७.३. एनबीएतल्या पहिल्या वर्षी त्याचे थ्री ३०.५ टक्क्यांवर घसरले.

शिवाय एनबीएची थ्री-पॉइंटरची रेषा रिंगच्या समोर ७.२४ मीटरवर आहे, कॉलेजची आता ६.७५ वर. पोरगा कॉलेजच्या रेषेला चिकटून फेकतो की आताच पावलभर मागून, हे टिपून ठेवा.

३. पिक-अँड-रोल थांबवून थांबवून बघा

पिक-अँड-रोल म्हणजे सहकारी गार्डच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो (ही स्क्रीन) आणि मग रिंगकडे वळतो. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण एनबीएत गार्डचं पोट यावरच भरतं. हायलाइट्स बघू नका, त्यात चुकलेलं काही नसतं. पूर्ण सामना लावा, कागद-पेन घ्या आणि स्क्रीन लागली की व्हिडिओ थांबवा.

पहिला प्रश्न : बचावपटू स्क्रीनच्या वरून (गार्डला चिकटून) येतो की खालून (रिंगच्या बाजूने, मोकळीक देऊन)? खालून येत असेल तर समोरच्या संघाला याच्या शॉटची भीती नाही. आकडे काहीही सांगोत, हा कौल त्यांनी आधीच दिलेला आहे. वरून येत असेल तर गार्ड पुढे काय करतो? कच्चा गार्ड सरळ रिंगकडे सुसाट सुटतो. जाणता गार्ड बचावपटूला पाठीवर अडकवून एक-दोन ड्रिबल (चेंडूचे टप्पे) रेंगाळतो आणि समोरच्या संघाचा उंच बचावपटू कुठे सरकतो ते बघतो. शेकडे हे केंटकीतच होतं. वेगापेक्षा वेग तोडणं त्याला जास्त जमायचं.

दुसरा प्रश्न पासचा. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत आला की त्याने सोडलेल्या माणसाला चेंडू पोचतो का? दोन्ही हातांनी चेंडू धरून, थांबून दिलेला पास एनबीएत उशिरा पोचतो. चालत्या ड्रिबलमधून, एका हाताने, तोही डाव्या हाताने पास निघत असेल तर त्या जागी खूण करा.

एक गोष्ट गार्डच्या बाजूने धरा. कॉलेजमध्ये एनबीएसारखा बचावातल्या तीन सेकंदांचा नियम (कुणाला न धरता रिंगखाली त्याहून जास्त थांबायचं नाही) नाही, उंच खेळाडू रिंगखाली तळ ठोकून बसतो. त्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला एनबीएत मोकळी जागा मिळते.

४. टर्नओव्हर मोजू नका, वाचा

यंगचे दर सामन्याला पाचाहून जास्त टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याला गमावणं) होत. पण सगळी आक्रमणं त्याच्याच हातून जात होती, आणि कित्येक चुका इतरांना दिसतही नसलेल्या पासच्या होत्या. अशा चुका माफ. दबाव आला की ड्रिबलच हातातून निसटत असेल, तर मात्र काळजी करा.

५. उंची आणि बचाव

इथे फार वेळ नको. प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) समोरचा संघ बुटक्या गार्डला हुडकून पुन्हा पुन्हा स्क्रीनमध्ये ओढतो. साडेसहा फुटी शेला ही अडचण नव्हती. सव्वासहा फुटांच्या आतल्या ब्रन्सनने ती ताकद आणि पायांच्या हुशारीवर निभावली, पण असे थोडे.

६. समोर कोण होतं आणि संघात काम काय होतं

लहान कॉलेजचा म्हणून नाक मुरडू नका. डेव्हिडसनच्या स्टेफ करीने मार्च २००८ मध्ये गोंझागाविरुद्ध ४० आणि जॉर्जटाउनविरुद्ध ३० गुण केले होते. तरी २००९ मध्ये तो सातवा गेला. बलाढ्य संघांविरुद्धचे सामने वेगळे काढा आणि फक्त तेच बघा. उलट केंटकीसारख्या ठिकाणी गुणी पोरांची इतकी गर्दी असते की चेंडू वाटून घ्यावा लागतो. तिथल्या गार्डचा आकडा लहान दिसला तर आधी त्याच्या हातात चेंडू किती वेळ होता ते तपासा.

एवढं झालं की ड्राफ्टच्या आधी, तारीख घालून, एका वाक्यात लिहा : हा एनबीएत कुणाच्या शेजारी खेळेल आणि तिथे त्याचं काम काय असेल. ‘गुण करेल’ असं उत्तर आलं तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर या.