कोकोच्या बिया घरी भरडताना साधन निवडण्यातील या चुका टाळा

बियांपासून घरी चॉकलेट तयार करणारे बहुतेक जण भाजण्याच्या तापमानाचा आणि दळण्याच्या तासांचा बारकाईने विचार करतात, भरडण्यासाठी मात्र हाताशी असेल ते साधन उचलतात. पुढे चॉकलेट जिभेला खरखरीत लागले की दोष ग्राइंडरला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा चॉकलेटमध्ये गेलेले बियांचे टरफल त्याला कारणीभूत असते. बीच्या वजनात टरफलाचा वाटा साधारण १२ ते १५ टक्के असतो, आणि ते चिवट व तंतुमय असल्यामुळे गरासारखे मुलायम दळले जात नाही. अमेरिकेतील खाद्यनियमांनुसार पाखडून स्वच्छ केलेल्या गरात १.७५ टक्क्यांहून अधिक टरफल चालत नाही. म्हणून भरडण्याचे साधन निवडताना गर किती बारीक होतो याकडे न पाहता टरफल किती मोठे राहते याकडे पाहावे. टरफलाचे तुकडे मोठे असतील तर वाऱ्याने उडून जातात. त्याचा चुरा झाला तर तो गरापासून वेगळा करणे जवळजवळ अशक्य होते.

सर्वांत जास्त नुकसान मिक्सर करतो. त्याचे वेगवान पाते टरफल आणि गर दोन्ही सारखेच चिरडते. थांबून थांबून फिरवले तरी तळाच्या बियांचे पीठ होते आणि वरच्या काही बिया अखंडच राहतात. शिवाय गरात निम्म्याहून अधिक कोको बटर, म्हणजे बीतील चरबी, असते आणि ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. भांडे थोडे तापले तरी त्या पिठाचा चिकट लगदा होतो, आणि लगदा पाखडता येत नाही.

घरात जाते असेल तर त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण डाळी भरडण्याचे ते आपले जुने साधन आहे. परंतु डाळ कोरडी असते आणि कोको तेलकट. टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांत ही चरबी बसते, नीट निघत नाही आणि कालांतराने खवट होते. त्या जात्यावर पूर्वी मसाले दळले असतील तर त्यांचा वासही कोकोला लागतो. खलबत्त्यात एक बी फुटेपर्यंत दुसरीचे पीठ होते. अर्धा-एक किलोपर्यंतच्या प्रमाणासाठी जाड कापडी पिशवी आणि वजनदार लाटणे पुरेसे आहे. पिशवीत बियांचा एकच थर ठेवावा आणि ठोकण्याऐवजी दाबून लाटणे फिरवावे.

याहून अधिक प्रमाणासाठी रोलरची हातचक्की योग्य ठरते, पण तीही पारखून घ्यावी लागते. बिअरसाठी जव भरडण्याच्या चक्कीत रोलरमधील अंतर साधारण एक मिलिमीटर ठेवतात. कोकोची बी सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि बरीच जाड असल्याने ती आत ओढली न जाता रोलरवरच घसरत राहते. म्हणून अंतर पुरेसे वाढवता येते का, रोलरचा पृष्ठभाग खरबरीत आहे का आणि रोलरचा व्यास फार लहान तर नाही ना, हे खरेदीपूर्वी तपासावे. क्रँकअँडस्टाइन या कंपनीच्या कोको मिलसारख्या चक्कीत तीन रोलर असतात. पहिल्या जोडीत बी फुटते आणि दुसऱ्या, कमी अंतराच्या जोडीत तुकडे लहान होतात. परदेशी व्हिडिओंत चँपियन या ब्रँडच्या ज्यूसरची चाळणी काढून बिया फोडलेल्या दिसतात, पण म्हणून घरचा कोणताही स्लो ज्यूसर तसाच चालेल असे समजू नये. अमेरिकेहून यंत्र मागवायचे असेल, तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालेल का हेही पाहावे.

टरफल गराला घट्ट चिकटून राहत असेल, तर साधन बदलण्यापूर्वी भाजणी तपासा. कच्च्या किंवा कमी भाजलेल्या बियांचे टरफल सुटत नाही. गरम बिया भरडल्या तर आतील बटर मऊ असल्याने बी फुटण्याऐवजी चेपली जाते, म्हणून बिया पूर्ण गार होऊ द्याव्यात. मात्र कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्या रात्रभर उघड्या ठेवल्या तर टरफल सर्दावते. गार होताच त्याच दिवशी भरडणे चांगले. चपट्या, गर नसलेल्या बिया आणि खडे आधीच निवडून काढावेत, कारण एक खडासुद्धा रोलरला कायमचा चरा पाडू शकतो.

चक्कीवर सगळा खर्च करून चाळण्या न घेणे ही चूक मला सर्वांत वाईट वाटते. गराचा बारीक कण आणि टरफलाचा मोठा तुकडा एकाच वाऱ्याने उडतात. सगळी भरड एकत्र पाखडली की एक तर गर वाया जातो किंवा टरफल मागे राहते. आधी ६ ते ८ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीने अखंड बिया व मोठे तुकडे वेगळे करून पुन्हा भरडावेत, मग सुमारे २ मिलिमीटरच्या चाळणीने बारीक भाग काढावा आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाखडावा. त्यासाठी सूप उत्तम. हेअर ड्रायर वापरल्यास हवा थंडच ठेवावी.

नव्या साधनाची परीक्षा १०० ग्रॅम भाजलेल्या बियांवर करावी. पाखडल्यानंतर साधारण ८० ग्रॅम स्वच्छ गर मिळायला हवा. ७० ग्रॅमच मिळाला आणि टरफलात गराचे कण दिसत असले, तर रोलरमधील अंतर थोडे वाढवून पुन्हा १०० ग्रॅम भरडून पाहावे.