पूर येण्याआधी आस्थापनेची तयारी

कोल्हापुरातील आस्थापनेने आपत्कालीन आराखड्याची सुरुवात पंचगंगा नदीपासून करावी. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तेव्हा पाणी ३९ फुटांवर पोहोचताच कोणी काय हलवायचे आणि मेन स्विच कोणी बंद करायचा, हे पावसाळ्यापूर्वीच नावानिशी लिहून ठेवावे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर मालकाच्या फोनची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

कोणते काम थांबले तर धंदाच थांबेल, हे आधी ठरवावे. बहुतेक ठिकाणी ते काम हिशेबाचे असते. २०१९ च्या पुरानंतर एका दुकानात मी चिखलाने घट्ट चिकटलेल्या खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, पाहिल्या. वरचे कप्पे कोरडे होते, पण चालू वर्षाची खतावणी हाताशी हवी म्हणून सर्वांत खाली ठेवली होती. पगारपत्रक, येणी-देणी आणि ऑर्डरी यांची प्रत शहराबाहेर असावी. त्याच इमारतीतला पेन ड्राइव्ह पुरेसा नाही.

२०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, म्हणून नदीपलीकडच्या कामगारांवाचून कोणती कामे चालू ठेवता येतील, याचा सराव जूनच्या आरंभी एकदा प्रत्यक्ष करून पाहावा.