नेटवर्किंगचं पहिलं पुस्तक घ्यायला निघण्याआधी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात जाऊन ‘नेटवर्किंगचं एखादं चांगलं पुस्तक द्या’ म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं इयर, कुठला पॅटर्न?’ आणि सिलॅबसबरहुकूम गाइड काउंटरवर येऊन पडतं. पेपरच्या आदल्या रात्री ते कामाला येतं, नाही असं नाही. पण विषय समजून घ्यायचा असेल, तर दुकान गाठण्याआधी थोडा गृहपाठ करून जा.

आधी आपल्या विद्यापीठाच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्या आणि शेवटी दिलेली टेक्स्ट बुक, रेफरन्स बुकची नावं टिपून ठेवा. मग आपल्याला टेलिकॉम हवंय की नेटवर्किंग, हे ठरवा. कव्हरवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात, आत मात्र दोन वेगळे संसार असतात. एकात सिग्नल, मॉड्युलेशन, मल्टिप्लेक्सिंग. दुसऱ्यात पॅकेट, राउटिंग, प्रोटोकॉल. ईएनटीसीवाल्यांना (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम शाखा) पहिल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी फोरूझान या लेखकाचं पुस्तक आधी चाळावं. सिग्नलपासून सावकाश सुरुवात आणि आकृत्या भरपूर. कॉम्प्युटर-आयटीवाल्यांना कुरोस-रॉस जवळचं वाटेल, कारण ते ब्राउझरपासून सुरू होऊन खाली तारेपर्यंत उतरतं. टॅनेनबाम तारेपासून वर चढतं, लिहिलंय झकास, पण अगदी नवख्या माणसाला पहिल्या वाचनात दमवतं. हे माझं मत, मास्तरांचं वेगळं असू शकेल.

आता कॉलेजच्या लायब्ररीत एक दुपार काढा. दोन-तीन पुस्तकं टेबलावर घ्या आणि सगळ्यांत एकच विषय उघडा. मी टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल) थ्री-वे हँडशेक उघडतो, म्हणजे दोन कॉम्प्युटर कनेक्शन जोडताना आधी तीन निरोप देतात ते. सिन, सिन-ॲक, ॲक असे तीन बाण सगळीकडे असतात, गाइडमध्येसुद्धा. बघायचं ते वेगळंच: सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर (पाठवलेल्या डेटाचा अनुक्रमांक) शून्य का नसतो, हे पुस्तक सांगतं का? आधीच्या कनेक्शनचा वाटेत रेंगाळलेला एखादा सेगमेंट (टीसीपीने पाठवलेला डेटाचा तुकडा) नव्या कनेक्शनमध्ये घुसला तर काय होईल, तिसऱ्याच कुणी नंबर ओळखून खोटा सेगमेंट घुसवला तर काय होईल, हा विचार जिथे मांडलाय ते पुस्तक घ्यावं. नुसते बाण काढून पुढच्या टॉपिकवर गेलेलं पुस्तक शेल्फवर परत ठेवा.

टेलिकॉमच्या पुस्तकाला अशीच परीक्षा ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट). टेलिफोनवरचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत बसवतात, म्हणून त्याच्या दुप्पट, सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, झाले ६४ केबीपीएस. हे गणित पायरीपायरीने यायला हवं. त्यापुढे अमेरिकन पुस्तकं टी-१, म्हणजे असे अनेक आवाज एकत्र नेणारी लाइन, सांगतात: २४ चॅनल, १.५४४ एमबीपीएस. आपल्याकडे वापरात आहे ई-१: ३२ टाइमस्लॉट, त्यातले ३० आवाजाचे, एकूण २.०४८ एमबीपीएस. पुस्तकात फक्त टी-१ असेल आणि लॅबमधल्या मल्टिप्लेक्सरवर २.०४८ लिहिलेलं असेल, तर विद्यार्थी उगाच स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसतो.

एडिशनचं साल बघाच, पण त्याहून इंडेक्स बघा. टीएलएस १.३ (२०१८, डेटा गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल) आणि क्विक (२०२१, वेबसाठीचा नवा वाहतूक प्रोटोकॉल) सापडतात का? आयपीव्ही६ला (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) स्वतंत्र जागा आहे की शेवटी दोन परिच्छेद? सायडर (सीआयडीआर, म्हणजे क्लास न मानता पत्ते वाटण्याची पद्धत) १९९३ पासून आहे, तरी काही पुस्तकं अजून ए, बी, सी क्लासमध्येच रमलेली असतात. एटीएम (पैशांचं नव्हे) आणि फ्रेम रिले या जुन्या नेटवर्क तंत्रांवर मोठी प्रकरणं दिसली, तर पुस्तक जुन्या मालावर नवं कव्हर असण्याची शक्यता धरा. सिग्नलचं मूळ गणित मांडणारे फुरिए, नायक्विस्ट, शॅनन मात्र जुने होत नाहीत. तेवढ्यासाठी सेकंडहँड प्रत बिनधास्त घ्या.

मग उदाहरणं. प्रकरणाच्या शेवटी ‘टिपा लिहा’ छापाचे प्रश्न आहेत की आकडे देऊन काम करायला लावणारे? /२६चं सबनेट (नेटवर्कचा छोटा भाग) दिलं तर ६४ पत्ते, त्यातले ६२ वापरता येतात, हे एकदा सोडवून दाखवलेलं आणि पुढची चार-पाच आपल्यावर सोडलेली असावीत. काही उत्तरं मागे हवीत, नाहीतर एकट्याने अभ्यास करणाऱ्याची पंचाईत होते. इंडियन किंवा ग्लोबल एडिशन घेताना सरांच्या प्रतीशी एखादा प्रश्न ताडून बघा. कधी कधी क्रमांक आणि आकडे बदललेले असतात, आणि असाइनमेंटमध्ये भलतंच गणित सुटतं.

खिसा तंग असेल तर पीटरसन-डेव्हींचं पुस्तक लेखकांनीच इंटरनेटवर मोफत खुलं केलंय. ते वाचून मग ठरवा. आणि पुस्तक कुठलंही आणा, लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याच दिवशी टाकून ठेवा. टाकल्यावर एखादी वेबसाइट उघडून पहिला सिन शोधा. तिथे सीक्वेन्स नंबर शून्य दिसला तर दचकू नका: वायरशार्क आपल्या सोयीसाठी सापेक्ष नंबर दाखवतं, खरा आकडा त्याच पॅकेटच्या तपशिलात खाली असतो.