आर्क्टिकडीईएमची अख्खी फाइल उतरवू नका

घणसोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून अलास्कातल्या पर्माफ्रॉस्टची (कायम गोठलेल्या जमिनीची) खचण मोजायची, तर आर्क्टिकडीईएम या आर्क्टिकच्या जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशाची २ मीटर रिझोल्युशनची अख्खी फाइल उतरवण्यातच डेटा संपतो. हवा तेवढाच तुकडा घ्या.

१. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲड रास्टर लेयर’ उघडा, सोर्स टाइप ‘प्रोटोकॉल’ करा, टिफ फाइलची लिंक चिकटवा. मोझॅकची (अनेक तारखांचे तुकडे जोडलेल्या नकाशाची) नको, तारीखवार स्ट्रिपची (सुट्या पट्ट्याची).
२. खचलेल्या उतारावर झूम करा. शेजारचा न हललेला खडकही चौकटीत येऊ द्या; दोन तारखांच्या उंच्या वजा केल्यावर तिथे शून्याच्या आसपास फरक यायला हवा.
३. लेयरवर राइट-क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह ॲज’. एक्स्टेंट ‘मॅप कॅनव्हास’.

मात्र ‘रॉ डेटा’च निवडा. ‘रेंडर्ड इमेज’मध्ये उंची जाते, नुसते रंग उरतात.