गाय विताना काय करावे: गोठ्याच्या तयारीपासून वासराच्या पहिल्या चिकापर्यंत

गाय कधी विणार याचा हिशेब कृत्रिम रेतनाच्या तारखेपासून सुरू होतो, म्हणून ती तारीख त्याच दिवशी गोठ्यातील वहीत लिहावी. गाय सुमारे २८० दिवसांनी, म्हणजे नऊ महिने नऊ दिवसांनी विते आणि म्हैस दहा महिने दहा दिवस घेते. अपेक्षित तारखेच्या ६० दिवस आधी गाय आटवावी, म्हणजे तिची धार काढणे थांबवावे. दूध अजून चालू आहे म्हणून धार काढत राहण्याचा मोह दोन-तीन गायींच्या गोठ्यात होतोच, परंतु कासेला विश्रांती आणि पोटातल्या वासराला शेवटच्या वाढीसाठी पोषण याच काळात मिळते. आटवताना शेवटची धार पूर्ण काढून प्रत्येक सडात कोणते औषध सोडायचे, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

ऊसपट्ट्यातील पशुपालकांनी या दोन महिन्यांत वैरणीकडे विशेष लक्ष द्यावे. उसाच्या वाढ्यांत, म्हणजे शेंड्याकडील हिरव्या पानांत, ऑक्झलेट भरपूर असते आणि ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून टाकते, त्यामुळे केवळ वाढ्यांवर ठेवलेली गाय विल्यानंतर अडचणीत येण्याचा धोका वाढतो. वाढे कमी करून कडबा, मका किंवा अन्य हिरवी वैरण मिसळावी. खनिज मिश्रण कोणते आणि किती द्यायचे, हे मात्र पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावे, कारण आटलेल्या गाईला मनाने जास्त कॅल्शियम चारणेही हिताचे नसते.

जागा आणि साहित्य

तारीख दहा-पंधरा दिवसांवर आली की गाईला इतर जनावरांपासून वेगळे, पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात बांधावे. जागा कोरडी, हवेशीर आणि न घसरणारी असावी. सिमेंटचा कोबा असल्यास त्यावर पाचट किंवा वाळलेल्या गवताचा जाड थर पसरावा आणि ओला झाला की लगेच बदलावा. साबण, स्वच्छ फडकी, हातमोजे, टिंक्चर आयोडीन, उकळून घेतलेला जाड दोरा, नवे ब्लेड आणि विजेरी एका डब्यात आधीच भरून ठेवावी. जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे रात्री घरातील कोणालाही फोन करता येईल.

लक्षणे आणि प्रत्यक्ष विणे

कास भरून येते, सड ताठ होतात, शेपटीच्या बुंध्याच्या दोन्ही बाजू सैल पडून तेथे खड्डे दिसू लागतात आणि योनीतून चिकट, पारदर्शक स्राव येतो. यानंतर गाय अस्वस्थ होते, उठबस करते, चारा सोडते आणि वळून पोटाकडे पाहते. ही अवस्था साधारण दोन ते सहा तास चालते. पहिलारू कालवडीत ती अधिक लांबते. या वेळी दावे सैल करून किंवा सोडून गाईला मोकळे ठेवावे, भोवती गर्दी होऊ देऊ नये आणि आत हात घालू नये.

पाण्याची पिशवी दिसू लागल्यावर घड्याळ पाहावे. पिशवी आपण फोडू नये, कारण तिच्यामुळेच वाट हळूहळू रुंद होत असते. योग्य स्थितीत आधी दोन पुढचे खूर दिसतात, त्यांचे तळ जमिनीकडे असतात आणि त्यांवर वासराचे नाक टेकलेले असते. असे दिसत असेल आणि प्रत्येक कळेबरोबर वासरू पुढे सरकत असेल, तर काहीही न करणे हेच योग्य. मदत करावीच लागली, तर हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन फक्त कळ आल्यावर आणि गाईच्या मागच्या पायांच्या दिशेने, म्हणजे किंचित खाली, ओढावे. चार माणसांनी दोर लावून ओढण्याने वासराचे पाय मोडतात आणि गाईचे मायांग (योनी किंवा गर्भाशयाचा भाग) बाहेर येऊ शकते.

पुढील स्थितीत डॉक्टरांना तातडीने बोलवावे: गाय जोरात कळा देत असूनही अर्धा-पाऊण तास प्रगती नाही, एकच पाय दिसतो, पाय दिसतात पण डोके नाही, फक्त शेपटी दिसते, किंवा खुरांचे तळ वर आहेत. तळ वर असणे हे बहुधा वासरू मागच्या पायांनी येत असल्याचे चिन्ह असते. अशा वेळी डोके आत असतानाच नाळ दाबली जाऊन वासरू गुदमरू शकते.

वासराची पहिली काही मिनिटे

वासरू बाहेर येताच नाकातोंडातील चिकट द्रव फडक्याने पुसावा. श्वास सुरू होत नसेल, तर नाकपुडीत गवताची काडी फिरवावी आणि छाती जोराने चोळावी. त्यानंतर वासरू गाईच्या तोंडापुढे ठेवून तिला चाटू द्यावे. त्याने ते कोरडे होते आणि त्याचे रक्ताभिसरणही वाढते. नाळ आपोआप तुटली नसेल, तर बेंबीपासून सुमारे दोन इंचांवर दोऱ्याने बांधून बांधलेल्या जागेच्या खाली कापावी आणि उरलेला भाग आयोडीनमध्ये बुडवावा. पुढचे दोन-तीन दिवस आयोडीन लावत राहावे, कारण बेंबीतून शिरलेला जंतुसंसर्ग सांध्यांपर्यंत पोहोचतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, आणि नेमके येथेच अनेक घरांत वासराचे नुकसान होते. वार (गर्भाचे आवरण, जे विल्यानंतर बाहेर पडते) पडेपर्यंत वासराला पाजू नये, अशी समजूत अजून टिकून आहे. ती पूर्णपणे सोडून द्यावी. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक घटक वारेतून वासरापर्यंत जात नाहीत, ते त्याला केवळ चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, मिळतात. ते शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून कास कोमट पाण्याने धुऊन, पहिल्या दोन-चार धारा टाकून, अर्ध्या ते एका तासात वासराला चीक पाजावा. पहिल्या बारा तासांत त्याच्या वजनाच्या किमान एक दशांश चीक पोटात जायला हवा; ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर. वासरू ओढत नसेल, तर चीक काढून निपलच्या बाटलीने पाजावा, नळकांड्याने घशात ओतू नये. खरवसाची हौस सर्वांनाच असते, परंतु तो वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचाच करावा. पाजल्याने गाईचे नुकसान होत नाही. उलट वासरू सड ओढते तेव्हा गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडण्यास मदतच होते.

वार आणि पहिले तीन दिवस

वार बहुधा आठ ते बारा तासांत पडते. बारा तासांनंतरही अडकलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ती हाताने ओढू नये किंवा तिला वीट, चप्पल असे वजन बांधू नये. पडलेली वार गाईला खाऊ देऊ नये, हातमोजे घालून ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, असल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण ब्रुसेलोसिससारखा रोग अशा स्रावांतून माणसालाही होतो, आणि गरोदर स्त्रियांनी या कामापासून दूरच राहावे.

विल्यानंतर गाईला भरपूर कोमट पाणी, मऊ वैरण आणि थोडा गूळ घालून शिजवलेली बाजरी द्यावी. जास्त दूध देणाऱ्या गाईची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नये. याच काळात दुग्धज्वर, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकदम घटण्याचा आजार, होतो: गाय लडखडते, कान थंड पडतात, मग ती बसून मान कुशीकडे वळवते आणि उठत नाही. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, म्हणून ताप नाही एवढ्यावरून निश्चिंत राहू नये. अशा गाईला तोंडाने काहीही पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू दिलेल्या कॅल्शियमने बहुतेक गायी लवकरच उभ्या राहतात, मात्र उशीर झाल्यास गाय दगावू शकते.

विण्याची तारीख, वासराचे लिंग आणि वार पडल्याची वेळ वहीत लिहावी. वासराला जंताचे औषध कधी द्यायचे हे दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांना विचारावे आणि गाईच्या माजावर दीड महिन्यानंतर लक्ष ठेवावे. पुढचे रेतन साधारण ६० दिवसांनंतर, स्राव स्वच्छ असेल तरच करून घ्यावे.