"समजलं का?" विचारणं मी बंद केलं

कोपरखैरण्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते, राहते कळव्यात, म्हणजे रोज ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकल पकडायची. यंदा बीएड करून नवीन लागलेल्या दोघी-तिघींनी विचारलं की ताई सुरुवातीला कुठलं अ‍ॅप शिकून घेऊ, तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

पहिल्या वर्षी माझी सवय अशी होती की फळ्यावर उदाहरण सोडवायचं, वळायचं आणि विचारायचं "समजलं का?" आणि ५२ मुलं एका सुरात "होऽऽऽ बाई". मी खूश. मग घटक चाचणीत सहावीच्या वर्गाने १/३ + १/४ चं उत्तर २/७ लिहून ठेवलं, एकदोघांनी नाही, अर्ध्याहून जास्त मुलांनी. त्या "हो" चा अर्थ एवढाच होता की बाई पुढे चला. तेव्हापासून कुठलंही साधन हातात घेताना मी एकच बघते, कोणाला कळलं नाही हे मला तास संपायच्या आत यातून कळणार आहे का. नसेल तर ते कितीही चकचकीत असू दे, मला नको.

सगळ्यात आधी फुकटची गोष्ट. प्रश्न विचारला की गप्प बसा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्ग ऐकून ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, न बोलणारी मुलंही बोलतात. वाचायला सोपं वाटतं पण वर्गात ते तीन सेकंद खायला उठतात हो, मी मनात एक-दोन-तीन म्हणते. आणि हात वर करणाऱ्या त्याच पाच जणांना विचारायचं नाही, आईस्क्रीमच्या काड्यांवर रोल नंबर लिहून डब्यात टाका, काडी निघेल त्याने बोलायचं. काडी परत डब्यात टाकायची बरं का, नाहीतर एकदा नंबर लागलेला मुलगा उरलेला तास निवांत खिडकीबाहेर बघतो.

आता अ‍ॅप. माझं सगळ्यात आवडतं प्लिकर्स, कारण यात मुलांकडे फोन लागतच नाही, फक्त माझा लागतो. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती, चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते की झालं, कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. साइटवरून कार्डं फुकट छापता येतात, ४० चा संच असतो आणि ६३ चा, आपल्याकडच्या वर्गाला ६३ चाच घ्या. मी हौसेने स्टेशनजवळच्या दुकानात चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं आणि ट्यूबलाइटच्या झळाळीत अर्धी कार्डं स्कॅनच होईनात, सगळे पैसे पाण्यात. जाड कार्डशीटवर छापा, पुरे. आणि नावं टाकायच्या जागी रोल नंबर टाका, मुलांची पूर्ण नावं कशाला कुठल्या साइटवर द्यायची.

खरी मेहनत पर्याय लिहिण्यात आहे. चुकीचे पर्याय मनाने काढायचे नाहीत, वह्यांमधून उचलायचे. १/३ + १/४ चा तोच प्रश्न मी पुढच्या वर्षी ठेवला, पर्याय असे, ७/१२, २/७, २/१२, १/७. स्कॅन केलं तर २/७ वाले सगळ्यात जास्त. उत्तर सांगितलंच नाही, म्हटलं शेजाऱ्याला पटवून द्या, दोन मिनिटं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९० च्या दशकापासून हेच करत आलेत. गोंगाट भयंकर झाला, पण त्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अगं १/३ म्हणजे २/६, आणि २/७ त्याच्यापेक्षा लहान, मग भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्ल्यावर अजून खाल्लं तर कमी कसं होईल?" मी इतके दिवस छेद समान करा, छेद समान करा म्हणून घसा फोडला, एवढं स्वच्छ मला कधी सुचलं नव्हतं. परत स्कॅन केलं तेव्हा २/७ ला चारच कार्डं उरली होती, त्या चौघांना मधल्या सुट्टीआधी जवळ घेऊन बसले.

प्रोजेक्टरबद्दल थोडंच सांगते. पाठ निरीक्षणाच्या दिवशी मुख्याध्यापिका मागे बसलेल्या, आणि केबल दुसऱ्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासातली ११ मिनिटं केबल शोधण्यात गेली. तेव्हापासून आदल्या दिवशीच केबल शोधून ठेवते आणि लागणारं सगळं डाउनलोड करून ठेवते. फेट ची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, बघाच, कोलोरॅडो विद्यापीठाची, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट आहेत, बरीचशी मराठीत आहेत आणि ऑफलाइन चालतात. विद्युत परिपथ शिकवताना वायर काढली की दिवा विझतो हे मुलांना स्वतः करू द्या, तुम्ही माउस धरून बसू नका. दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ येतात, काही छान, काही अगदीच रटाळ, आधी स्वतः पूर्ण बघा.

गुगल फॉर्मवर गृहपाठ द्यायचा तर मुदत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत. आमच्याकडे बऱ्याच घरांत फोन एकच, तो बाबांबरोबर एमआयडीसीत जातो आणि शिफ्ट संपल्यावर घरी येतो. पालकांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग करा, आणि लांबलचक सूचना टाइप करण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट टाका, भांडी घासताघासता ऐकली जाते.

आणि यातलं काहीच जमलं नाही, फोन जुना आहे, नेट नाही, तर पाटी. खरंच. प्लास्टिकचं पारदर्शक फोल्डर, आत कोरा कागद, वर व्हाइटबोर्ड मार्करने उत्तर लिहायचं आणि एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर धरायचं, स्वस्तात काम होतं. पुसायला घरून जुना मोजा आणायला सांगा. धुतलेला आणा हे सांगायला मात्र विसरू नका, मी विसरले होते.