कोलीनची गोळी घेताना मनाची नोंद कशी ठेवावी

नौपाड्यातल्या औषधाच्या दुकानातून स्मरणशक्तीसाठी म्हणून कोलीन या पोषकद्रव्याची डबी आणण्याआधी रोजच्या ताटातून किती कोलीन मिळते, याचा हिशेब करावा. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ५५० आणि स्त्रीला ४२५ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. एका मोठ्या अंड्यात साधारण १४७ मिलिग्रॅम असते आणि ते जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात असते. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीन, राजमा, दूध आणि शेंगदाणे मोजावेत.

डबीवरचा आकडा नीट वाचावा. ५०० मिलिग्रॅम कोलीन बायटार्ट्रेटमध्ये, म्हणजे गोळ्यांत वापरल्या जाणाऱ्या कोलीनच्या क्षारात, प्रत्यक्ष कोलीन सुमारे २०० मिलिग्रॅमच असते, म्हणून दोन कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना नुसत्या वजनावरून करू नये.

मनाशी याचा संबंध असा की मेंदूतील चेतापेशी कोलीनपासून ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक तयार करतात, आणि तो स्मृती व एकाग्रतेला उपयोगी असला तरी अधिक झाला म्हणजे अधिक चांगला, असे नाही. ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखणाऱ्या फायसोस्टिग्मिन या औषधाने मन खिन्न होते, असे दिसल्यावर मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड जॅनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली असे मांडले की नैराश्यात या संदेशवाहकाचे पारडे जड होते, तर उन्मादात ॲड्रेनर्जिक यंत्रणेचे, म्हणजे ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या संदेशवाहकांचे. पुढे १९७६ साली तोंडावाटे कोलीन दिलेल्या काही रुग्णांतही उदासीनता आल्याची नोंद झाली. हे प्रत्येकाला होईल असे नाही, परंतु ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, त्यांनी ही शक्यता गांभीर्याने घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

म्हणून गोळी सुरू करण्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर रोज, ठरावीक वेळी, झोप, चिडचिड, उत्साह आणि उदासपणा यांना शून्य ते दहा गुण देऊन वहीत लिहावे. त्याच दिवसांत चहा-कॉफीचे प्रमाण किंवा दुसरे कोणते पूरक बदलू नये, नाहीतर कशाचा परिणाम कशावर झाला हे उमगणार नाही. घाम, लाळ, जुलाब किंवा अंगाला माशासारखा वास येणे ही मात्रा जास्त होत असल्याची चिन्हे आहेत. प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला ३,५०० मिलिग्रॅम असली, तरी त्रास त्याआधीही होऊ शकतो.

मनोविकाराची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलीन घेऊ नये, आणि चालू औषध परस्पर कमी तर मुळीच करू नये. खिन्नता वाढली तर गोळी थांबवून वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र त्या भेटीची वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगावे आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा.